ठेका कोणाचा?

एक साधा प्रश्न विचारते. दोन माणसं एकाच वाद्यासमोर, समोरासमोर बसली आहेत. पहिला वाजवतो, ठक, ठक, ठक... अगदी सारख्या अंतराने. दुसरा बरोबर त्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध आपला ठोका टाकतो. आता सांगा, टाळी कुठे द्यायची?

'सोप्पंय, पहिल्याच्या ठोक्यावर!' असं बहुतेक जण म्हणतील. पण युगांडातल्या बुगांडा राज्यात हाच प्रश्न त्या दोघांना विचारलात, तर दोघंही आपापल्या ठोक्यावर पाय आपटून दाखवतील. दुसऱ्याला आपण 'मधे' वाजवतोय असं वाटतच नाही. त्याच्या दृष्टीने मधे वाजवणारा पहिला!

या वाद्याचं नाव आमाडिंडा. केळीच्या खुंटांवर आडव्या मांडलेल्या बारा लाकडी पट्ट्या. दोघांचे ठोके एकत्र केले तर मिनिटाला सहाशेपर्यंत जातात, म्हणजे दर शंभर मिलिसेकंदाला एक. मग तिसरा वादक येतो. खालच्या दोन पट्ट्यांवर पडणारे ठोके तेवढे कानाने उचलून तो वरच्या दोन पट्ट्यांवर वाजवतो. टी.ई.ला असणाऱ्यांनी 'टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग' पाठ केलं आहेच : एक तार, दोन चॅनेल, आळीपाळीने एकेक सॅम्पल. आमाडिंडा म्हणजे तेच, फक्त लाकडात. गंमत रिसीव्हरमध्ये आहे. आपला कान पहिल्याचे आणि दुसऱ्याचे ठोके वेगळे करत बसत नाही. तो खालचे सूर एकत्र बांधतो, वरचे एकत्र बांधतो आणि दोघांपैकी कोणाच्याही हातात नसलेली चाल आपल्याला ऐकू येते! ऑस्ट्रियाचे गेरहार्ड कुबिक १९५९ मध्ये कंपालाला गेले, एव्हारिस्टो मुयिंदा या दरबारी परंपरेतल्या वादकाकडे शिकले आणि १९६० मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं. या मधूनच उगवणाऱ्या चालींना त्यांनी नावही दिलं.

आता मी पडले कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत संगीत म्हणजे पियानो, प्रार्थना आणि पियानोवर ठेवलेला लाकडी मेट्रोनोम. 'वन-अँड-टू-अँड' म्हणायचं. यातला 'वन' साहेब आणि 'अँड' त्याचा शिपाई. मराठी मी घरी शिकले आणि ताल मेट्रोनोमकडून शिकले, त्यामुळे दोन्हींत थोडा कॉन्व्हेंटचा वास येतो असं मित्रमंडळी म्हणतात. असो. सांगायचं एवढंच, की एकाच गाण्यात दोन 'वन' असू शकतात हे कळलं तेव्हा मला कोणीतरी खुर्चीवरून उठवून दुसऱ्या खुर्चीवर बसवल्यासारखं झालं.

या सगळ्याच्या नादी मला लावलं ते आमच्या हॉस्टेलवरच्या एका मैत्रिणीने. ती दार-ए-सलामची, कॉम्प्युटरला आहे. पहिल्याच दिवशी पाण्याच्या रांगेत तिने मला हाक मारली, 'दादा!' मी मागे वळून बघितलं, तर मागे कोणीच नाही. मग कळलं की स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. आणि काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई! फक्त बाबा तेवढा बाबाच. तेव्हापासून ती मला दादा म्हणते, मी तिला दादा म्हणते आणि मेसचे काका आम्हां दोघींकडे बघत राहतात.

तिने शिकवलेला दुसरा शब्द 'न्गोमा'. न्गोमा म्हणजे ढोल. न्गोमा म्हणजे नाच. आणि जिथे ढोल वाजतो व नाच होतो तो कार्यक्रमही न्गोमाच. तीन गोष्टींना एकच शब्द, कारण त्यांच्या लेखी त्या तीन गोष्टी नाहीतच. हा शब्द समुद्र ओलांडून आपल्याकडे फार पूर्वीच आला आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतात, पण पूर्व आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे वंशज गुजरातेतही आहेत. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर ते जे वाजवतात आणि नाचतात, त्याला ते 'गोमा' म्हणतात. सुरुवातीचा 'न' तेवढा वाटेत राहिला.

तर आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम होता. आयोजकांनी माझ्या मैत्रिणीला सांगितलं, 'तू आफ्रिकन ढोल वाजव. आणि ड्रेस जरा ट्रायबल असू दे.' ही बिचारी शहरात वाढलेली, आयुष्यात ढोलाला हात लावलेला नाही. ती शांतपणे म्हणाली, 'मी माझ्या गल्लीत वाजतं ते वाजवीन.' आणि त्या संध्याकाळी लॅपटॉप घेऊन स्टेजवर गेली.

तिने लावलं ते सिंगेली. दार-ए-सलामच्या गरीब वस्त्यांमधलं, कॉम्प्युटरवर बनवलेलं संगीत. वेग मिनिटाला दोनशेपासून तीनशे ठोक्यांपर्यंत! आपल्याकडचं नेहमीचं नाचाचं गाणं १२०-१३० च्या आसपास असतं हे लक्षात घ्या. पहिला मिनिटभर हॉलमध्ये कोणाला काही सुचेना. कोणीतरी ओरडलं, 'अगं, स्पीड कमी कर!' ती माइकवरून म्हणाली, 'स्पीड कमी करू नका, पाय कमी करा. पाय अर्ध्यावर, खांदे पूर्णावर.' दोनशे चाळीसचं अर्ध एकशे वीस. गणित जमलं आणि हॉल उठला. कार्यक्रम संपल्यावर मात्र एक सर म्हणाले, 'छान होतं, पण यात आफ्रिकन काय होतं?'

त्या प्रश्नाचा तिला खूप राग आला. रात्री गच्चीवर बसून ती म्हणाली, 'दादा, तुम्ही फोन वापरता, लिफ्ट वापरता, तरी तुम्ही भारतीयच. मी लॅपटॉप उघडला की माझं आफ्रिकन असणं संपलं?'

उत्तर शोधायचं मी मनावर घेतलं, त्याला आणखी एक कारण होतं. ते म्हणजे आमची आजी. सुट्टीत घरी गेल्यावर मी तिला हे संगीत ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, 'बाळ, गावात पिठाची गिरणी आली आणि जात्यावरच्या ओव्या गेल्या. यंत्र गाणं खातं.' आजीचं बोलणं असं असतं, पुढे बोलायला जागाच नाही. एकीकडे सरांचा प्रश्न, दुसरीकडे आजीचा निकाल. दोघांचं म्हणणं शेवटी एकच : ढोल आणि यंत्र एकत्र आले की ढोल मरतो. खरंच मरतो का? मी जे वाचलं आणि ऐकलं त्यातून मला तीन शहरं सापडली. पण त्याआधी एक राजवाडा.

बुगांडामध्ये ढोल म्हणजे राज्य. तिथल्या राजाला काबाका म्हणतात आणि त्याच्या राजढोलांच्या संचाला मुजागुझो. प्रत्येक कुळाचा स्वतःचा असा ढोलाचा बोल असतो, त्यावरून कुळ ओळखायचं. राजवाड्यात एन्टेंगा नावाचं एक वाद्य होतं : सुरात लावलेले बारा ढोल आणि जोडीला तीन मोठे, असे पंधरा ढोल आणि सहा वादक. आमाडिंडाची ती एकात एक गुंतलेली चाल इथे चक्क ढोलांवर वाजायची. ह्यू ट्रेसी यांनी १९५० च्या सुमारास केलेलं एन्टेंगाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. डोळे मिटून ऐका, कोणी पाण्यावर पियानो वाजवतंय असं वाटेल.

मग २४ मे १९६६ ला राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे यांच्या सैन्याने मेंगोच्या राजवाड्यावर हल्ला केला. हल्ल्याचं नेतृत्व इदी अमीनकडे होतं. काबाका दुसरे मुतेसा निसटून लंडनला गेले आणि १९६९ मध्ये तिथेच वारले. दरबारी वादक पांगले, वाद्यं नष्ट झाली. १९६७ मध्ये राज्यंच कायद्याने रद्द झाली, ती १९९३ मध्ये परत आली. पण एन्टेंगा बंद पडलं ते पडलंच. अनेक दशकांनी क्यांबोगो विद्यापीठाचे जेम्स इसाबिर्ये यांनी हयात असलेल्या एका जुन्या वादकाला गाठून त्याच्याकडून नव्या मुलांना ते शिकवून घेतलं, तेव्हा कुठे ते पुन्हा वाजू लागलं.

या सगळ्यात कॉम्प्युटर कुठे होता? कुठेच नाही. ढोल मेला तो बंदुकीने. त्याचं घर गेलं, वाजवायचं निमित्त गेलं, शिकवणारे गेले. आजीला मी फोनवर हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'ओव्यांचंही तसंच असेल मग. दळणच राहिलं नाही.'

आता पहिलं शहर, उत्तर युगांडातलं गुलू. हा आचोली लोकांचा मुलूख. त्यांच्या लग्नातला नाच म्हणजे लाराकाराका. तरुण मुलं एका हातात वाळलेल्या भोपळ्याची अर्धी वाटी धरतात आणि दुसऱ्या हातातल्या सायकलच्या स्पोकांनी ती वाजवतात. पन्नास जण एकदम वाजवू लागले की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो. (सायकल ही काही आचोली परंपरा नव्हे! म्हणजे यंत्राचा एक तुकडा त्यांच्या 'परंपरे'त आधीच शिरला होता आणि कोणाची तक्रार नव्हती.)

या भागात जवळजवळ वीस वर्षं यादवी चालली. दहा लाखांहून अधिक माणसं छावण्यांमध्ये राहत होती. अशा दिवसांत लग्नाला पूर्ण ताफा बोलवायचा म्हणजे त्यांचा प्रवास, जेवण आणि बिदागी आली. पैसा आणायचा कुठून? तेव्हा लिओ पालायेंगसारख्या तरुणांनी कॉम्प्युटर उघडला. भोपळ्याची खडखड, ढोल, तंतुवाद्यं, सगळं यंत्रावर उभं केलं आणि त्यावर ओटिम आल्फासारखा गायक लग्नाची गाणी म्हणू लागला. 'गुलू सिटी अँथम्स' नावाचा त्यांचा संग्रह २०१७ मध्ये निघाला, त्यात २००४ पासूनची गाणी आहेत. ऐकलीत तर आवाज पातळ वाटेल, थोडा व्हिडिओ गेमसारखा. पण तो क्लबसाठी बनलेलाच नव्हता! तो वऱ्हाडासाठी बनला होता. युरोपातल्या क्लबांत तो पोचला तो नंतर.

इथे यंत्राने काय केलं? निमित्त टिकवलं. लग्नात लाराकाराकाची लय वाजत राहिली, मुलांचे पाय ती विसरले नाहीत. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ताफ्यातल्या दहा-पंधरा जणांचं काम एका की-बोर्डने केलं. ते दहा-पंधरा जण त्या दिवशी बिदागी घेऊन घरी गेले नाहीत. म्हणजे आजीचं म्हणणं पूर्ण खोटंही नाही. यंत्र गाणं खातं की नाही माहीत नाही, पण वादकाचं ताट खाऊ शकतं.

दुसरं शहर, माझ्या मैत्रिणीचं दार-ए-सलाम. तिथे झारामो लोकांची रस्त्यावरून मिरवत नेण्याची एक न्गोमा आहे, म्दुंदिको. त्याच गल्ल्यांमध्ये पुढे म्चिरिकू आलं. त्यात ढोल तसेच ठेवून जोडीला जुना, स्वस्त कॅसिओ की-बोर्ड घेतला. आणि त्याच वस्त्यांमधून पुढे सिंगेली आलं. तारब हे तिकडचं लग्नाकार्यातलं गाणं. त्याचे तुकडे घ्यायचे, वेग वाढवायचा, वाढवायचा, अजून वाढवायचा आणि त्यावर एकाने दम न घेता बोलत सुटायचं. सिस्सो स्टुडिओमधल्या मंडळींचा 'साउंड्स ऑफ सिस्सो' हा संग्रह २०१७ मध्ये निघाला आणि जगभर गाजला.

जरा हिशेब करू. १२० च्या वेगाला दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद आणि त्याचे चार भाग केले तर एक भाग १२५ चा. २५० च्या वेगाला ठोका २४० मिलिसेकंदाचा आणि त्याचा चौथा भाग ६० चा. इतक्या जवळ आलेले ठोके कान सुटे मोजत बसत नाही. त्यांची एक सळसळ होते आणि तिच्यातून दुसरीच संथ चाल वर येते. आठवलं ना? लाकडाच्या बारा पट्ट्यांवर कानाचं हेच होत होतं. मी मैत्रिणीला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, 'दादा, हे तू जर्नलमध्ये लिही. आम्हाला फक्त एवढंच माहीत आहे की संथ वाजलं तर रस्त्यावरची मुलं निघून जातात.'

तिच्या आईला मात्र सिंगेली मुळीच आवडत नाही. ते टपोरी पोरांचं संगीत, चांगल्या घरच्या मुलींनी ऐकायचं नाही! म्हणजे बघा, आपल्या सरांना ते पुरेसं आफ्रिकन वाटलं नाही आणि तिच्या आईला ते जरा जास्तच गल्लीतलं वाटतं. ढोल एकेकाळी गल्लीतलाच होता, हे दोघांच्याही लक्षात नाही.

तिसरं शहर कंपाला, आणि खरी परीक्षा इथे आहे. कारण इथे यंत्र ढोलाच्या जागी येत नाही, शेजारी येऊन उभं राहतं. निलोटिका कल्चरल एन्सेम्बल या तिथल्या ढोलवादकांच्या पथकाबरोबर दोन ब्रिटिश तरुण वाजवू लागले, एक ड्रमकिटवर आणि एक सिंथेसायझरवर. त्यातून 'निहिलोक्सिका' हा बँड तयार झाला. त्यांचा 'कालोली' हा अल्बम २०२० मध्ये आला. कालोली म्हणजे कंपालाच्या कचऱ्याच्या ढिगांवर बसणारा, टकल्या डोक्याचा भला मोठा करकोचा. नावातच सगळं आलं, गोडगोड काही मिळणार नाही!

या एकत्र येण्यात अडचण कुठे येते ते आपण इंजिनिअर लोक चटकन ओळखू. क्लबचं संगीत रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ सारख्या यंत्रांवर वाढलं. १९८० चं ते यंत्र, त्यावर सोळा बटणांची एक ओळ. सोळा घरं, प्रत्येक चौथ्या घरात धप्प. पूर्व आफ्रिकेतल्या कितीतरी ताली बारा घरांच्या आहेत, त्यात तीन आणि चार दोन्ही एकदम नांदतात. मिडीच्या घड्याळात एका ठोक्याचे चोवीस भाग असतात आणि चोवीसला तीननेही भाग जातो, चारनेही जातो. म्हणजे तार दोन्ही वाहून नेऊ शकते, सवय नाही ती आपल्या बोटांची. त्यातून कॉम्प्युटरवर 'क्वांटाइझ' नावाचं बटण असतं. ते दाबलं की वादकाचा प्रत्येक ठोका जवळच्या चौकटीवर ओढून बसवला जातो. ढोल दहा-पंधरा मिलिसेकंद आधी किंवा मागे टाकण्यात जी ऐट असते, ती एका क्लिकमध्ये इस्त्री होऊन जाते.

म्हणून जगात 'आफ्रिकन ढोल आणि टेक्नो' या नावाने जे मिळतं, त्यातलं बरंचसं ऐकताना ढोल हा भातावर भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा वाटतो. खाली धप्प-धप्प आधीच ठरलेलं आहे आणि वर कोणाच्या तरी ढोलाचा दोन सेकंदांचा तुकडा फिरतोय. निहिलोक्सिकाचं तसं नाही. त्यांच्यात वरच्या पट्टीचा लांब एन्गालाबी (याला घोरपडीच्या जातीच्या प्राण्याचं कातडं लावतात) आणि बसका एम्बुतू हे बोलतात आणि सिंथ बहुतेक वेळ खाली, अंधारात गुरगुरत असतो. चाल ढोलांकडे आहे, यंत्र वातावरण सांभाळतं. मी इयरफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि दर वेळी माझी मान वेगळ्या ढोलाबरोबर हलली.

अशा सगळ्या मंडळींना एकत्र आणणारा महोत्सव म्हणजे न्येगे न्येगे. तो २०१५ मध्ये जिंजा गावाजवळ, नाईलच्या काठी सुरू झाला. लुगांडा भाषेत या नावाचा अर्थ नाचायची अनावर ऊर्मी. स्वाहिलीत त्याच शब्दाचा जो अर्थ आहे, तो आपल्या स्टाफ एडिटर मॅडम छापू देणार नाहीत. २०१८ मध्ये युगांडाच्या नीतिमंत्र्यांनी महोत्सवावर बंदी आणायचा प्रयत्न केला, २०२२ मध्ये तिथल्या संसदेत आक्षेप घेतला गेला. दोन्ही वेळा अटी घालून का होईना, महोत्सव झाला. नाचणाऱ्यांना शिस्त लावायची इच्छा सगळ्याच देशांतल्या मोठ्यांना होते, असं दिसतं.

पण एका गोष्टीने माझी झोप उडवली. या बँडचा २०२३ चा अल्बम आहे 'सोर्स ऑफ डिनायल'. त्याचा सगळा राग व्हिसावर आहे. ढोलाचा आवाज वेव्ह फाइल होऊन सेकंदात लंडनला पोचतो, त्याला कोणी पासपोर्ट मागत नाही. तो ढोल वाजवणाऱ्या माणसाला मात्र ब्रिटनमध्ये जायला फॉर्म, बँकेचे कागद, महिनोन् महिने वाट बघणं आणि नकार. एकाच बँडमधले दोघं विमानात चढतात आणि बाकीचे कंपालात राहतात. 'फ्यूजन' हा शब्द मी गॅदरिंगच्या पत्रिकेवर शंभर वेळा वाचला असेल, पण त्याचा खर्च कोण भरतं हा विचार माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

म्हणून आता मी असं ऐकते. ढोल आणि यंत्र एकत्र ऐकले की 'हे शुद्ध आहे का' असं विचारत नाही. तीन प्रश्न विचारते. ज्या निमित्ताने हे वाजायचं, ते निमित्त जिवंत आहे का? ढोल अजून माणसाच्या हातात आहे का, आणि त्या माणसाला पैसे मिळतात का? आणि शेवटचा, ठेका कोणाचा? यंत्र ढोलाच्या मागे चालतंय की ढोलाला ओढून नेतंय? गुलूला पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात कमी. दारला पहिल्यात आणि तिसऱ्यात भरपूर, कारण तिथे यंत्रच गल्लीचं झालंय. कंपालाला तिसऱ्यात डिस्टिंक्शन, पण दुसऱ्याची मार्कशीट व्हिसा ऑफिसने अडकवून ठेवली आहे.

जाता जाता थोडं आमच्या मिनी प्रोजेक्टबद्दल. आमच्या तिघींच्या ग्रुपने या सेमला एक छोटी पेटी बनवली. ढोलाच्या कडेला पिझो सेन्सर चिकटवायचा, ठोका पडला की मायक्रोकंट्रोलर वेळ टिपतो, मागच्या काही ठोक्यांवरून वेग काढतो आणि प्रत्येक ठेक्यामागे मिडीचे चोवीस पल्स बाहेर सोडतो. म्हणजे माणसाने वेग वाढवला की यंत्र वाढवेल, माणूस रेंगाळला की यंत्र थांबेल. एरवी वादक कानाला क्लिक लावून यंत्राच्या मागे धावतो, इथे उलटं. खर्च पाचशे रुपयांच्या आत.

गाइड सरांनी विचारलं, 'सगळं ऑटोमॅटिक आहे, मग हे एक फूटस्विच कशाला?'

मी म्हटलं, 'सर, सेन्सरला ठोका कळतो, ठेका कळत नाही. इतक्या ठोक्यांतला आपला 'एक' कुठला, हे वाजवणाऱ्यालाच माहीत असतं. ते त्याने पायाने सांगायचं.'

सर म्हणाले, 'आणि दोन वादक असले तर?'

'तर दोन फूटस्विच, सर.'

सरांनी सही केली. मैत्रीण सुट्टीला घरी जाताना एक पेटी दार-ए-सलामला घेऊन जाणार आहे. आईला न सांगता!

– टी. ई. (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)